डॉल्फिनच्या टाकीलाही पाटी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीतल्या सहलींवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात सागरी प्राणी उद्यानाचाही एक परिच्छेद होता. लेखाबद्दल तक्रार नाही, पण त्यातल्या ‘आरशासारखं निळंशार पाणी’ या शब्दांवर मी अडलो. मी ३१ वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर फिल्टर ऑपरेटर होतो. गढूळ पाणी आरशासारखं करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. त्यामुळे पाणी इतकं निळं दिसलं की लोकांना आनंद होतो आणि मला प्रश्न पडतो, की हे कोणी केलं, कशानं केलं आणि कुणासाठी केलं?

योगायोगानं मी स्वतः नुकताच अशा एका उद्यानात दिवसभर जाऊन आलो. मुलगा परदेशात असतो. सुटीत त्याच्याकडे होतो, तेव्हा आठ वर्षांच्या नातीनं हट्ट धरला. उद्यानाचं नाव देत नाही, कारण भांडण त्या एका उद्यानाशी नाही.

ऊन रणरणत होतं आणि रांग लांबलचक होती. फाटकातून आत शिरलो, पहिलं वळण घेतलं आणि नाकानं ओळखलं की डॉल्फिनची टाकी उजव्या हाताला असणार. सून म्हणाली, “काय स्वच्छ वास येतोय ना, पोहण्याच्या तलावासारखा!” मी बोललो नाही, पण तो वास स्वच्छतेचा नसतो. स्वच्छ पाण्यात मोजून टाकलेल्या क्लोरीनचा वास फारसा येत नाही. पाण्यात मूत्र, विष्ठा, घाम असं नायट्रोजनवालं काही असलं आणि क्लोरीन त्याच्याशी जोडला गेला, की क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांनी. केंद्रावर आम्ही क्लोरोस्कोपच्या, म्हणजे क्लोरीन मोजायच्या साधनाच्या, नळीत ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकायचो. पिवळा रंग चटकन आला तर मोकळा क्लोरीन, रेंगाळत आला तर जोडला गेलेला. जोडलेला जास्त निघाला की साहेब विचारायचे, “पाण्यात काय मिसळतंय ते आधी शोधा.”

डॉल्फिनच्या टाकीत काय मिसळतं हे शोधायला लागत नाही. डॉल्फिन हा मासा नव्हे, तुमच्या-आमच्यासारखा फुप्फुसानं श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. मोठं जनावर दिवसाला आठ-दहा किलो मासे खातं आणि त्याचं जे व्हायचं ते त्याच पाण्यात होतं. समुद्रात ते वाहून जातं. टाकीत ते पंपानं ओढून, वाळूच्या थरातून गाळून, त्यावर ओझोन किंवा क्लोरीन किंवा दोन्ही मारून परत आत सोडावं लागतं, रात्रंदिवस. बऱ्याच नव्या उद्यानांत ओझोनवर भर असतो, त्यामुळे क्लोरीन कमी लागतो आणि वासही कमी येतो. इथे यायला लागला होता. दुपारची वेळ, पाणी तापलेलं, खेळ लागोपाठ. फिल्टरवर ताण असणार हे मी बाहेरूनच सांगितलं असतं.

आता निळेपणाबद्दल. खरा किनाऱ्यालगतचा समुद्र बहुतेक ठिकाणी हिरवट, करडा, गढूळसर असतो. त्यात प्लवक असतं, गाळ असतो, जीव असतात. डॉल्फिनचं त्यामुळे काही अडत नाही. तो आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्याच्या हाडातून कानापर्यंत पोहोचवतो. अंधारात, गढूळ पाण्यात तो मासा हुडकतो. टाकीतलं पाणी जिवाणूंपासून स्वच्छ ठेवावंच लागतं, त्यात वाद नाही. पण त्याला आरशाची चमक आणि तळाला निळा रंग दिला जातो तो तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्यासाठी.

तिसरी रांग म्हणजे भिजणाऱ्यांची रांग. नातीनं मुद्दाम तीच धरली. पहिल्याच उडीला अंगावर पाणी आलं, ओठाला लागलं, खारट होतं. शेजारचे लोक ओरडत होते आणि मी मनात गुणाकार करत होतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकी १० लाख लिटरची धरली तर ३५ टन. उद्यान समुद्रापासून दूर असेल तर हे सगळं पोत्यांनी आणून विरघळवायचं. नातीला सांगितलं तर म्हणाली, “आबा, बघा ना समोर!” बरोबर होतं तिचं. समोर बघितलं.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. उड्या, चेंडू, टाळ्या, मोठ्ठं संगीत. सुंदर असतं, खोटं कशाला बोलू? अडीचेकशे किलोचं जनावर पाण्यातून सरळ वर उठतं तेव्हा छातीत काहीतरी होतंच. मला मात्र बादलीतली एक गोष्ट जास्त आवडली. दर खेपेला मासा देण्याआधी शिक्षिका काही मासे निवडून त्यांच्या कल्ल्यात बोट घालत होती. गोळी असते ती, जीवनसत्त्वांची. काही जातींचे मासे गोठवून साठवले की त्यांतलं ब१ जीवनसत्त्व नष्ट होत जातं. जिवंत माशावर जगणाऱ्या प्राण्याला फ्रीजरमधला मासा द्यायचा तर ही भरपाई करावीच लागते. आमच्याकडे तुरटीचा डोस सांभाळणारा माणूस असाच मन लावून काम करायचा. या लोकांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळ संपला, गर्दी सी-लायनकडे पळाली आणि आम्ही दोघं खालच्या काचेपाशी गेलो. तिथे एक डॉल्फिन होती. बाकीच्या फिरत होत्या, ही एकाच जागी, पृष्ठभागाच्या जरा खाली, लाकडाच्या ओंडक्यासारखी तरंगत होती. जागाही ठरावीक. गाळलेलं पाणी टाकीत परत येतं त्या तोंडासमोर. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन डोक्यावरच्या छिद्रातून ‘फूः’ करायची आणि परत तिथेच. नात काचेला नाक लावून उभी होती. म्हणाली, “आबा, हिचा एकच डोळा मिटलाय.” वाकून बघितलं. पोर म्हणत होती ते खरं होतं.

डॉल्फिन अर्ध्या मेंदूनं झोपतो. एक अर्ध झोपलं की दुसरं जागं, आणि डोळाही एकच मिटतो. कारण आपला श्वास जसा झोपेत आपोआप चालतो तसा त्याचा चालत नाही. प्रत्येक श्वास वर येऊन, ठरवून घ्यावा लागतो. नातीला म्हटलं, रात्रपाळीचा ऑपरेटरही असाच झोपतो, अर्धा कान पंपाकडे. ती हसली.

मग सवयीनं मी काचेवर तळहात टेकला. पंपहाऊसमधल्या माणसाला ही खोड असते. पाइपवर हात ठेवला की कळतं पंप कसा चाललाय, बेअरिंग गेलंय का, हवा धरतोय का. त्या जाड काचेतून हाताला बारीक थरथर लागत होती, अखंड. माझ्या कानाला ती ऐकूही येत नव्हती, पण हाताला येत होती. पंपाच्या बाजूनं हेही सांगायला हवं की डॉल्फिनचा कान उंच पट्टीचा. आपण २० हजार हर्ट्झला थांबतो, तो दीड लाखाच्या आसपास जातो, आणि खालच्या पट्टीतली घरघर त्याला तितकीशी टोचत नाही. तरीही मी हात लगेच काढला नाही. ३१ वर्षं मी त्या थरथरीत काढली, पण आठ तासांची पाळी संपली की सायकल काढून घरी जात होतो.

काचेजवळ पाटी होती. प्राण्याचं नाव, वजन, किती उंच उडी मारतो, आणि त्याला खाजवून घ्यायला आवडतं. बस्स. वय नाही. कुठून आला ते नाही. टाकी किती खोल ते नाही. बादली घेऊन एक कर्मचारी मुलगी निघाली होती, तिला नातीमार्फत विचारलं. माझी भाषा तिथे चालत नव्हती, नातीची चालत होती. ही कुठून आली, या प्रश्नावर ती गोड हसली आणि म्हणाली, “ही इथलीच!” जन्मली इथे की आणली इथे? ते तिला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. मग मी विचारलं, बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, किती तासांनी करता? हा शब्द नातीला भाषांतरित करावा लागला नाही, जगभर तोच आहे. मुलगी थबकली. बादली खाली ठेवली आणि पाच मिनिटं बोलत राहिली. दिवसातून किती वेळा नमुना घेतात, आम्लता कुठे ठेवतात, उन्हाळ्यात कसं गणित बिघडतं. म्हणजे नोंदवही आहे. रीडिंग आहेत. फक्त ती काचेच्या आतल्या बाजूला आहेत.

आणि आता माझा मुद्दा. त्याच उद्यानाला पाटी लिहिता येते! पेंग्विनच्या कोपऱ्यात एक पक्षी खडकावर एकटाच बसला होता, अंगावरची पिसं चिंध्यांसारखी लोंबत होती, अगदी उवा झालेल्या कोंबडीसारखा अवतार. दोन मुलं रडायला आली होती. पण समोर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, की हा आजारी नाही, पिसं बदलतोय. पेंग्विन सगळी पिसं एकदमच टाकतो. नवी येईपर्यंत दोन-तीन आठवडे अंगाला पाणी चालत नाही म्हणून तो समुद्रात उतरत नाही, अर्थात उपाशीही राहतो, आणि आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. वाचून मुलं गप्प झाली. एक तर दुसऱ्याला समजावून सांगायला लागला.

त्याच्या पुढे कासवांची टाकी. एका मोठ्या कासवाच्या कवचावर, मागच्या बाजूला, चक्क वजनं चिकटवलेली. पाटीवर त्याची सगळी हकिगत होती. बोटीची धडक बसली, कवच फुटलं, आत हवा अडकून राहिली, त्यामुळे मागचा भाग सतत वर तरंगायचा आणि बिचाऱ्याला बुडीच मारता येईना. वजन लावलं तेव्हा ते तळाशी जाऊन निवांत बसलं. कोणत्या वर्षी सापडलं, कुठल्या किनाऱ्यावर, समुद्रात परत का सोडता येत नाही, सगळं लिहिलेलं. त्या काचेसमोर आम्ही अर्धा तास होतो, खेळाच्या मंडपाइतकाच वेळ. नातीला त्या दिवसातलं आज काय आठवतं विचाराल तर ती वजनं आठवतात.

मग डॉल्फिनची पाटीच तेवढी अशी मुकी का?

कारण उघड आहे. लिहिलं की प्रश्न येतात. खोलीचंच घ्या. अमेरिकेच्या संघीय नियमांत बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनच्या टाकीसाठी जी किमान खोली ठरवून दिली आहे ती १.८३ मीटर, म्हणजे ६ फूट. किमान रुंदी ७.३२ मीटर. जनावर स्वतः पावणेतीन मीटरच्या घरात. चांगली उद्यानं याहून खूप खोल टाक्या बांधतात, ते मान्य, पण कायद्याला ६ फूट पुरतात. खुल्या समुद्रातले बॉटलनोज शेकडो मीटर खोल बुड्या मारतात. आमच्या केंद्रावरची शुद्ध पाण्याची टाकी ६ फुटांहून खोल होती, आणि तिच्यात कुणी राहत नव्हतं.

तसंच जन्मगावाचं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९३८ साली मरीन स्टुडिओज सुरू झालं, मुळात पाण्याखालचं चित्रीकरण करायला. तिथे १९५३ मध्ये नेली नावाची डॉल्फिन टाकीतच जन्मली आणि २०१४ मध्ये ६१ वर्षांची होऊन गेली. उलट टिलिकम हा ऑर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला ‘किलर व्हेल’, १९८३ मध्ये आइसलंडजवळ समुद्रातून पकडला गेला, तेव्हा दोनेक वर्षांचा होता. पुढे टाकीत तीसहून अधिक वर्षं काढली, २०१० मध्ये त्यानं आपल्या शिक्षिकेचा जीव घेतला, जानेवारी २०१७ मध्ये तो मेला. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, त्याला ठेवणाऱ्या सीवर्ल्ड या अमेरिकी उद्यान कंपनीनं ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. नेली आणि टिलिकम ही दोन आयुष्यं एकसारखी नाहीत. पण ‘नाव, वजन, उडी’ एवढ्याच पाटीवर ती दोन्ही एकसारखीच दिसली असती.

काही वाचक म्हणतील, पाट्या कसल्या लावता, बंदच करा. आपल्या देशात मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं डॉल्फिनची करमणूक केंद्रं उभारायला परवानगी नाकारली, ते योग्यच झालं, नवी टाकी बांधायचा प्रश्नच मिटला. अशा बंदिवासाविरुद्ध कॅनडानं २०१९ मध्ये कायदा केला, फ्रान्सनं २०२१ मध्ये. पण बांधलेली टाकी बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पंपवाल्याला विचारा. फ्रान्समध्ये अँटिब इथलं मरीनलँड ५ जानेवारी २०२५ ला प्रेक्षकांसाठी बंद झालं. तिथली ऑर्का मायलेकांची जोडी, विकी आणि केइजो, आणि डॉल्फिन, यांना कुठे न्यायचं याचा घोळ त्यानंतरही महिनोन्‌महिने चालू राहिला. तिकीटखिडकी संध्याकाळी सहाला बंद करता येते. फिल्टर नाही बंद करता येत. प्रेक्षक नसलेल्या टाकीलाही पंप लागतो, वीज लागते, नमुने घेणारा माणूस लागतो, मासे आणणारा लागतो. त्याच उद्यानात ऑक्टोबर २०१५ च्या पुराचं पाणी आणि चिखल टाक्यांत शिरला होता आणि अनेक प्राणी दगावले होते. पंपहाऊसमध्ये पाणी घुसल्याची एक रात्र मी पाहिली आहे. आम्हाला फक्त शहराला दोन दिवस थांबा म्हणायचं होतं.

म्हणून माझी मागणी पंपाच्या माणसाला शोभेल अशीच आहे. जोवर टाक्या आहेत आणि त्यांत जनावरं आहेत, तोवर आतली नोंदवही बाहेर लावा. हे जनावर कुठे जन्मलं, पकडलं असेल तर कुठे आणि कधी, वय किती, टाकी किती खोल, आज सकाळची पाण्याची रीडिंग काय. कासवासाठी जेवढी जागा दिली तेवढी पुरे. आणि आपल्या पुरवणीचे लेखक पुढच्या सुटीत अशा ठिकाणी गेले तर त्यांनी खेळाच्या वेळा छापताना हेही विचारून छापावं. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर मिळालं नाही’ असं छापावं. वाचक काय ते ठरवतील. नेतील मुलांना किंवा नाही नेणार. मी नेलं होतं, आणि नेलं म्हणून पस्तावलोय असंही नाही. पण नातीला कासवाची गोष्ट सांगता आली आणि डॉल्फिनची नाही, हे मला बोचतं.

नातीनं मात्र विषय सोडलेला नाही. परत आल्यावर तिनं उद्यानाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की एक डोळा मिटून झोपणारी डॉल्फिन कुठून आली ते कळवा. पंधरा दिवसांनी जाड पाकीट आलं. आत आभाराचं छापील कार्ड आणि रंग भरायला डॉल्फिनचं एक चित्र. उत्तर नव्हतं. चित्रातलं पाणी तिनं शेवाळी हिरव्या रंगानं भरलं आणि दुसरं पत्र धाडलं आहे. या खेपेला टाकीची खोलीही विचारली आहे, आणि माझ्या सांगण्यावरून खाली एक ओळ घातली आहे: कृपया मीटरमध्ये कळवावे.

आपला,
एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर